दोन टोपल्यांचा फुलोरा

सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी विक्कीनं मोबाइलवर स्टेटस टाकला. फोटोत त्यांच्या घरचा कानोबा होता. पाटावर बसलेला, वर फुलोरा टांगलेला, पुढ्यात समई पेटलेली.

शेजारच्याच घरात, सावित्रीबाईकडे, कानोबा अजून सुपात होता. चिचगडच्या कुंभाराकडून दुपारी आणलेली मातीची मूर्ती तांदळाच्या राशीवर ठेवली होती आणि तिच्यावर कोरं फडकं टाकलं होतं. वाट पाहणं चाललं होतं ते धाकट्या दिराचं, विक्कीच्या बापाचं, केवळरामचं. जन्माष्टमीला कानोबा पाटावर चढवायचा तो दोन्ही भावांनी मिळून, एक हात थोरल्याचा, एक धाकट्याचा, अशी या घराची रीत. एका वर्षी केवळराम तापानं फणफणला होता, तर त्याला घोंगडीत गुंडाळून आणलं होतं आणि हात लावून झाल्यावर परत खाटेवर नेऊन टाकलं होतं.

दोघा भावांच्या चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली. धानाच्या बांध्या वाटल्या गेल्या, बैलजोडी विकली गेली, अंगणात विटांची भिंत उभी राहिली. त्या भिंतीत एक दार मात्र ठेवलं होतं आणि देव एकच ठेवला होता. देव वाटला की घर वाटलं, असं सावित्रीबाईची सासू म्हणायची. शिवाय कानोबाचा नेम कडक. एकदा ज्या घरात बसला, तिथं तो दरवर्षी बसवावा लागतो. यंदा बसवला आणि पुढच्या वर्षी नाही, असं चालत नाही.

फोटो सावित्रीबाईला दाखवला तो सुनेनं. दुर्गेश्वरी गोंदियाची. लग्न वैशाखात झालं होतं आणि या घरातला तिचा हा पहिला कानोबा होता.

"मम्मी, काकूंकडे पण बसवतात का?"

"नाही व. आपला एकच राहते. इकडे."

"मग हे बघा ना."

सावित्रीबाईनं मोबाइल हातभर लांब धरला. आधी तिला फुलोरा दिसला. करंज्या, पापड्या, वेण्या, सगळ्या नीट, एका मापाच्या. मग मूर्ती दिसली. मग पाट. सागाचा, जाड, डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा जळका डाग. तिचा मुलगा उमेंद्र रांगत असताना त्यानं समई ओढली होती, तेव्हाचा तो डाग.

तो पाट पॉलिशला देवरीला गेलेला होता. निदान नवऱ्यानं तिला तसं सांगितलं होतं.

छोटेलाल ओसरीवर बसून तोरणाची पानं दोऱ्यात ओवत होता. सावित्रीबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अजी, पाट कोठी आहे?"

"देवरीले. सांगतलं ना. पावसाची हवा आहे, पॉलिश वाळून नाही राहिलं."

तिनं मोबाइल त्याच्या डोळ्यांपुढे धरला. छोटेलालनं फोटो पाहिला. मग तोरणाकडे पाहिलं आणि दोऱ्याची गाठ दातांनी करकचून ओढली.

"या विक्कीले अक्कलच नाही," तो म्हणाला.

सावित्रीबाईला वाटलं होतं, तो दचकेल. निदान 'हे काय' म्हणून विचारेल. तो विक्कीवर चिडला, तिथंच तिला सगळं कळलं.

"कवा देल्ला?"

"नागपंचमीच्या आधी."

"म्हंजे इतके दिवस तुम्ही मले सुताराच्या गोष्टी सांगून राहिले होते. सुताराच्या बोटाले लागलं म्हने. सुताराची सासू मेली म्हने."

"हळू बोल. पोरगी आयकते."

"आयकू द्या. तिच्याचपायी होय ना?"

छोटेलाल एकेक करून सांगू लागला, जसा माणूस नाइलाजानं खिसे रिकामे करतो. केवळरामच्या गुंजनचं लग्न जमत आलं होतं. पोराकडची माणसं दरेकशाकडची, केवळरामच्या बायकोच्या, प्रेमिलाच्या माहेरच्या नात्यातली. ते कानोबाला येतो म्हणाले. घरदार बघू, देवाचं जेवण जेवू, तिथंच सुपारी फोडू. आता देव थोरल्याकडे, म्हणजे जेवण थोरल्याकडे. आणि थोरल्याची सून त्यांच्या समाजाची नाही. तिनं रांधलेलं, तिनं तळलेलं त्या लोकांच्या पानात आलं, तर ते उठून जातील, अशी केवळरामला धास्ती.

"केवळराम रडला माझ्याजवळ," छोटेलाल म्हणाला. "म्हने, दादा, पोरीचा सवाल आहे. मी म्हनलं, तू तुझ्याकडे बसव, गुपचूप. आमी आमच्याकडे बसवतो. कोनाचं मन दुखत नाही."

"आन् माहं?"

"तुले सांगतलं असतं तर तू गावभर बोंब ठोकली असती."

सावित्रीबाई ओसरीच्या पायरीवर बसली. तिच्या डोक्यात छोटेलाल नव्हता. नवरा काय, तो पहिल्यापासून असाच. दोन्हीकडून हो म्हणून मधे चुपचाप बसणारा. तिच्या डोक्यात प्रेमिला होती.

उमेंद्रनं दुर्गेश्वरीचं नाव काढलं, तेव्हा छोटेलालनं आठवडाभर घरात जेवण सोडलं होतं. सावित्रीबाई नवरा आणि मुलगा यांच्यामधे भरडली जात होती. तेव्हा प्रेमिला आली होती. भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर कधी तोंड न उघडणारी प्रेमिला दाराआड उभी राहून, डोक्यावरचा पदर ओढून बोलली होती, "सांगा त्यायले बाई, जमाना बदलला म्हनाव. पोरगी चांगली आहे. आमी आहोत ना पाठीशी." त्या रात्री छोटेलाल जेवला होता. वरातीत सगळ्यात पुढे नाचली ती प्रेमिलाच. नव्या सुनेला मापटं ओलांडताना हात दिला तोही तिनंच.

आणि परवा तीच इथं चुलीपाशी बसून दिवसभर फुलोरा तळत होती.

फुलोरा दोघी जावांनीच करायचा, असं ठरून गेलेलं. मैदा मळण्यापासून कच्च्या सुतात करंज्या बांधण्यापर्यंत. जन्माष्टमीच्या आधी तळायचा, चाखायचा नाही, दुसऱ्या दिवशी देव उठल्यावर खायचा. या वर्षी प्रेमिला येताना स्वतःची कढई घेऊन आली.

"एका कढईवर रात होईल, बाई. बहूले तिकडे गॅसवर बसवा. मी इकडे चुलीवर काढते."

सावित्रीबाईला ते पटलं. दोन कढया, दोन टोपल्या. दुर्गेश्वरी काठवटीत मैदा मळायची, करंज्या भरायची आणि आपल्या कढईत सोडायची. तिच्या करंज्या कधी पोटात फुगायच्या, कधी एका अंगाला झुकायच्या.

"काय व बहू," प्रेमिला चुलीवरून म्हणाली, "करंजी भरून राहिली का उशी? कानोबा डोकं टेकवून झोपला त उठनार नाही."

"काकू, झोपू द्या ना. थकतात बिचारे, वर्षभर बासरी वाजवून."

तिघी हसल्या होत्या. सावित्रीबाई तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. वर्षानुवर्षं तिला वाटत आलं होतं की या दिवशी घरात तिसरी बाई असावी. संध्याकाळी फुलोरा बांधायला प्रेमिलाच बसली. दोन्ही टोपल्या तिच्यासमोर होत्या. ती स्वतःच्या टोपलीतलं उचलत गेली. दुसरी टोपली तिनं हातानंच बाजूला सारली. "हे खायले राहू द्या. वरतं सरळ-सरळच बरं दिसते."

तेही सावित्रीबाईला पटलं होतं.

जाताना प्रेमिला म्हणाली, डोकं दुखते. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून तळणाचा वास आला, तेव्हा सावित्रीबाईनं मनाशी म्हटलं, गुंजनसाठी काही करत असेल.

"मम्मी."

दुर्गेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मोबाइल परत घ्यायला आली होती, पण तिनं हात पुढे केला नाही.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"मले? मले कसं माहीत राहील व?"

"परवा काकूंनी माझ्या टोपलीतलं एकही वर बांधलं नाही. मी बघत होते. दोन कढया कशासाठी, तेव्हाच समजलं मला." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी चिरता चिरता बोलावं तसा. "मला वाटलं, तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंय. म्हणून चूप राहिले. म्हटलं, पहिलं वर्ष आहे, चलता है."

सावित्रीबाईनं नाही म्हणावं तरी कशाच्या जोरावर? कढई तिच्याच घरात मांडली होती. टोपली तिच्याच डोळ्यांसमोर सरकवली होती. पटलं, पटलं म्हणत मान तिचीच हलली होती.

इतक्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. उमेंद्र देवरीच्या कृषी केंद्रावर कामाला. सणाचा दिवस म्हणून लवकर निघाला होता. हँडलला केळीची पानं बांधलेली होती. तो ओसरीवर आला आणि तिघांचे चेहरे पाहून जागीच थांबला.

दुर्गेश्वरीनं मोबाइल सासूच्या हातून घेतला आणि त्याच्यासमोर धरला.

"तुला माहीत होतं?"

उमेंद्रनं हेल्मेटचा पट्टा सोडायला घेतला. साधा पट्टा, रोज एका बोटानं सुटणारा. तो बराच वेळ सुटला नाही.

"बाबांनी सांगितलं होतं," शेवटी तो म्हणाला. "म्हटलं, तुला वाईट वाटेल, म्हणून—"

ती आत निघून गेली.

छोटेलाल उठला. "हे पाहा, आता झालं ते झालं. मी केवळरामले बोलावतो. येईल, हात लावून जाईल. रीत राहून जाईल."

"तो आपला देव बसवून बसला," सावित्रीबाई म्हणाली. "आता त्याचा हात इकडे लागत नाही. आन् तुमचाही नाही लागत."

"माहा काऊन नाही?"

"तुमी पाट देल्ला."

तिनं मागच्या भिंतीला टेकवलेली काठवट आणली. लाकडी, रुंद, परवा तिच्यात मैदा मळला होता. कडेला पिठाची सुकलेली रेघ अजून होती. ती तिनं उपडी घातली, वर धुतलेलं धोतर अंथरलं आणि आत हाक मारली, "दुर्गेश्वरी! हात लाव इकडे."

दुर्गेश्वरी लगेच आली नाही. मोरीत पाणी पडल्याचा आवाज झाला. मग ती ओले हात घेऊन बाहेर आली आणि एका बाजूनं मूर्ती धरली. दुसऱ्या बाजूनं सावित्रीबाईनं. कानोबा काठवटीवर बसला. सुनेचे हात गार होते. मूर्ती टेकताच तिनं ते काढून घेतले.

सावित्रीबाईनं प्रेमिलानं बांधलेला फुलोरा सोडला, कोपऱ्यातली दुसरी टोपली ओढली आणि फुगलेल्या, झुकलेल्या करंज्यांना कमरेशी सूत गुंडाळू लागली.

"राहू द्या, मम्मी," दुर्गेश्वरी म्हणाली. "खायलाच ठीक आहेत त्या."

सावित्रीबाईनं तरी बांधल्या. एक सुतातून निसटून काठवटीवर फुटली. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्रीबाई भिंतीतलं दार उघडायला गेली, तर ते पलीकडून कडी घातलेलं. अंगणातली ती कडी आजवर कधी लागली नव्हती. इतकी की पलीकडच्या बाजूला कडी आहे, हेच सावित्रीबाई विसरली होती.

या घरची आणखी एक रीत. देवाचा नैवेद्य झाला की थोरल्या घरचं पहिलं ताट धाकट्या घरी जायचं, वर भरतकामाचा रुमाल झाकून. आणि ते ताट रिकामं परत येत नाही. धाकटी त्यात काहीतरी घालूनच पाठवते, चार वडे म्हणा, नाहीतर पसाभर तांदूळ. काहीच नसेल तर गुळाचा खडा.

सावित्रीबाईनं ताट वाढलं. पुऱ्या, वडे, कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांची वडी, तांदळाची खीर. सगळं सुनेनं रांधलेलं. दुर्गेश्वरीनं सकाळपासून एका शब्दानं कुरकुर न करता रांधलं होतं आणि उमेंद्रशी एक शब्दही बोलली नव्हती. ताटात वर दोन करंज्या ठेवल्या, त्याही तिच्याच टोपलीतल्या.

"मम्मी, कशाला पाठवता? परत येईल ते."

"येऊ दे. येते का नाही, ते त पाहू."

दार बंद, म्हणून ती पुढच्या रस्त्यानं गेली. हातात झाकलेलं ताट आणि रस्त्यानं जाणारी सावित्रीबाई, हे गावानं पहिल्यांदा पाहिलं. किराणा दुकानाच्या पायरीवरचा टिकाराम बोललाच, "काय जी बाई, घरातला रस्ता बुजला का?"

"चिखल झाला," ती म्हणाली.

केवळरामच्या ओसरीवर पाहुणे टेकले होते. केवळरामनं वहिनीला पाहिलं आणि पाण्याचा तांब्या उचलून घाईनं आत गेला. थोड्या वेळानं प्रेमिला बाहेर आली. नवी साडी, कपाळावर घाम. तिनं सावित्रीबाईला बाजूला, गोठ्याच्या पडवीत नेलं. रिकाम्या गोठ्यात आता विक्कीची मोटरसायकल उभी असे.

"बाई, शिव्या द्याच्या त द्या. पन हळू द्या. ते ओसरीवरच बसलेत."

"शिव्या द्याले नाही आली. मले येकच सांग. परवा तू माझ्या चुलीपाशी बसून हासत होती, ते काय होतं?"

प्रेमिला मोटरसायकलच्या सीटवरची धूळ बोटानं पुसत राहिली.

"ते खरं होतं, बाई. पोरगी मले आवडते. तुमच्या देवाशपथ."

"आन् कढई?"

"तेही खरं होतं."

"मले सांगतलं असतं त?"

"सांगतलं असतं त तुमी हो म्हनलं असतं," प्रेमिला म्हणाली. "गुंजनसाठी तुमी बहूले दोन दिवस माहेरी धाडलं असतं. मले वाटलं, तसं व्हाले नोको. तिच्यासमोर तुमचं तोंड राहू दे."

गुंजनला सावित्रीबाईनं मांडीवर खेळवलं होतं. प्रेमिलानं पदर पसरला असता, तर आपण काय केलं असतं? तिनं मनातल्या मनात स्वतःला विचारून पाहिलं आणि जे ऐकू आलं ते तिला आवडलं नाही. पण त्याचाच तिला आणखी राग आला. जे पाप तिनं केलंच नव्हतं, ते प्रेमिलानं तिच्या नावावर घालून ठेवलं होतं आणि वर तिच्यावर उपकारही केले होते.

"माहं तोंड माहं मी पाहिलं असतं," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. "घे. बहूच्या हातचं होय सारं."

"माहीत आहे."

देवाचं ताट नाकारता येत नाही. प्रेमिलानं दोन्ही हातांनी ते घेतलं, रुमाल कपाळाला लावला. आतून कोणी बाईनं हाक मारली, "प्रेमिला, कोन आलं व?"

"घरचेच होत," प्रेमिला म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. ती देवाच्या खोलीकडे वळली की मागच्या दाराकडे, ते पडवीतून दिसत नव्हतं.

दुपारी दोन्ही कानोबा विसर्जनाला बोडीवर, गावच्या तळ्यावर आले. एकाच घरातले दोन, म्हणून पोरं मोजून मोजून ओरडली. केवळरामच्या कानोबाबरोबर डफरं वाजत होतं, पाहुणे होते, पाटाला नवं पॉलिशही होतं; तेवढं छोटेलालनं खोटं सांगितलं नव्हतं. छोटेलाल दोन्ही घोळक्यांच्या मधे चालत होता. पाण्यात उतरायची वेळ आली, तेव्हा तो काठावरच थांबला. सावित्रीबाईचा कानोबा तिनं आणि दुर्गेश्वरीनं पाण्यात सोडला. धानाच्या बांध्यांवरून वारा येत होता. प्रेमिलानं एकदा इकडे पाहिलं. दुर्गेश्वरीनं तिला नमस्कार केला, सगळ्यांदेखत, वाकून. प्रेमिलाचा हात आशीर्वादाला उठला की पदर सावरायला, यावर बोडीवरच्या बायांचं अजून एकमत नाही.

गुंजनची सुपारी फुटली, असं संध्याकाळी टिकारामच्या दुकानावर कळलं. लग्न फाल्गुनात. आमंत्रण थोरल्या घराला असेल, पण सगळ्या घराला असेल का, हे केवळरामनं छोटेलालला सांगितलेलं नाही आणि छोटेलालनं विचारलेलं नाही. विक्कीनं स्टेटस काढून टाकला.

त्यालाही आता तीन दिवस झाले. दुर्गेश्वरीनं सणाची भांडी घासून पुसून मांडणीवर लावली. लावून झाल्यावर ती थोडी मागे सरली.

"मम्मी, एक ताट कमी आहे."

"तिकडे आहे," सावित्रीबाई म्हणाली.

"रुमाल पण?"

"रुमाल पन."

दुर्गेश्वरीनं मान हलवली आणि मांडणीवर त्या ताटाची जागा मोकळी सोडली. उमेंद्र तिला रविवारी गोंदियाला सोडून येणार आहे, चार दिवसांसाठी असं ती म्हणाली आहे. भिंतीतल्या दाराला पलीकडून कडी आहे. ताट अजून आलेलं नाही.